पाचवा मुद्दा

"पेन थांबलं नाही," ऑपरेटरकाका म्हणाले.

मी हात उचलला. तोवर वाक्य लिहून झालं होतं, शेवटच्या टिंबासकट.

"थांबलंय की," मी म्हणाले.

"आत्ता थांबलं. मी गप्प झालो तेव्हा चालूच होतं."

खोलीत आम्ही तिघंच होतो. काका, मी आणि पर्यवेक्षक म्हणून बसवलेल्या ग्रंथालयातल्या बाई. काकांना दिसत नाही. ते उत्तर तोंडाने सांगतात आणि त्यांची लेखनिक म्हणून मी ते उत्तरपत्रिकेत उतरवते. या बोलण्याचा इतरांना त्रास नको म्हणून आम्हाला खेळाचं सामान ठेवायच्या खोलीत टाकलं होतं. कोपऱ्यात रबरी गाद्यांचा ढीग, त्यांचा जुना घामट वास, भिंतीला टेकवलेलं एक फाटकं जाळं. बाईंची दाढ दुखत होती. गाल धरून त्या खिडकीबाहेर बघत बसल्या होत्या.

प्रश्न दहा गुणांचा होता. नोकरशाहीची पाच वैशिष्ट्ये स्पष्ट करा. काकांनी चार सांगितली. कामाची वाटणी. वरिष्ठ-कनिष्ठ अशी उतरंड. लेखी नियम. आणि पात्रता बघून नेमणूक. हे सांगताना ते गालातल्या गालात हसले होते. मग ते अडले. घड्याळाची काच उघडून त्यांनी काट्यांवरून बोट फिरवलं, टेबलाच्या कडेवर बोटं वाजवली, "पाचवं… पाचवं…" असं दोनदा पुटपुटले. मला पाचवं येत होतं. मला त्या पुस्तकातलं सगळंच येत होतं, कारण ते अख्खं पुस्तक मी त्यांना दोनदा मोठ्याने वाचून दाखवलं होतं. शेवटी ते म्हणाले, "राहू दे," आणि गप्प झाले. तेवढ्यात माझ्या हाताने पाचवा मुद्दा लिहून टाकला.

मी काही ठरवून केलं नाही. अर्थात पकडलं गेल्यावर सगळेच असं म्हणतात.

हे आज आठवायचं कारण म्हणजे मांडीवरचा हा कागद. वर छापलं आहे, 'या सत्रात मी काय शिकले?' आमच्या वर्गाच्या बाईंनी ही नवीनच टूम काढली आहे. सत्र संपलं की प्रत्येकाने एक पानभर मनोगत लिहायचं. ते दिल्याशिवाय गुणपत्रक हातात पडणार नाही. माझ्या मैत्रिणीने दहा मिनिटांत पान भरलं. वेळेचं नियोजन, संघभावना, आत्मविश्वास, असं काय काय. मला तिचा हेवा वाटला. मी तासभर झाला, कॉलेजच्या कार्यालयाबाहेरच्या बाकावर बसले आहे आणि मला एवढंच लिहावंसं वाटतंय की मी दमले. पण दमले हे काही कुणी शिकलं म्हणून धरत नाही.

माझी आई रुग्णालयात आया आहे. तिथे आयांना मावशी म्हणतात. डॉक्टर, नर्स, पेशंट, पेशंटची पोरंबाळं, सगळे तिला मावशी म्हणतात, एक मी सोडून. ड्यूटीवर आयांनी मोबाइल जवळ ठेवायचा नाही असा तिथला नियम. त्यामुळे लहानपणापासून आईशी बोलायचं तर रुग्णालयाचा नंबर फिरवायचा. फोन टेलिफोन बोर्डावर जायचा आणि पलीकडून ऑपरेटरकाकांचा आवाज यायचा, "नमस्कार, रुग्णालय. बोला."

मी म्हणायचे, "आई पाहिजे."

कोणाची आई, कुठली आई, असलं काही विचारणं नाही. "थांबा हं, जोडतो." की लगेच वॉर्डात घंटा. मी सात वर्षांची होते तेव्हापासून हा माणूस मला अहोजाहो करत होता. फोनवर सगळ्यांनाच करायचे म्हणा. पण मला वाटायचं, जगात मला मान देणारा हा एवढा एकच आहे.

एकदा, मी नऊ वर्षांची असेन, घराची आतली कडी अडकली आणि मी एकटी कोंडले. आई ऑपरेशनच्या खोलीत होती, तिला बोलावता येत नव्हतं. काकांनी मला फोन ठेवू दिला नाही. मध्येच दुसरा फोन आला की म्हणायचे, "थांबा हं," आणि दोन मिनिटांनी परत, "हं, काय म्हणत होता तुम्ही? निळी बाहुली." अशी पाऊण तास त्यांनी माझी बडबड ऐकून घेतली. शेवटी आई धावत आली आणि खिडकीतून चमचा आत टाकून म्हणाली, याने कडी उचक. मी काकांना सांगितलं, आई आली. ते म्हणाले, "मग ठेवा आता. माझाही चहा गार झालाय."

या वर्षी रुग्णालयाने ठरवलं की बोर्ड काढून टाकायचा आणि आपोआप फोन जोडणारं यंत्र बसवायचं. काकांना कार्यालयात बोलावून सांगितलं, पदवी असेल तर चौकशीच्या खिडकीवर बसवू. नाहीतर ऑपरेटरची जागाच राहणार नाही, मग आमचाही नाइलाज. काकांचं वय एकेचाळीस. रात्रपाळ्या करत करत पदवीच्या शेवटच्या वर्षापर्यंत आले होते. एकच पेपर राहिला होता, समाजशास्त्राचा, आणि त्यात दोनदा आपटले होते. त्यांचा आधीचा लेखनिक नोकरी लागून गेला. ही गोष्ट आईच्या कानावर आली आणि ती तिथल्या तिथे म्हणाली, "आमची लिहील की. तिला काय धाड भरलीय?"

हा निर्णय झाला तेव्हा मी घरी झोपले होते.

नियम असा की लेखनिक परीक्षार्थीपेक्षा निदान एक वर्ष खालचा पाहिजे, आणि त्याचा विषय वेगळा पाहिजे. मी दुसऱ्या वर्षाला, विषय अर्थशास्त्र. सगळं कसं जुळून आलं, असं आई म्हणाली. आईला माझ्या बाबतीत सगळंच जुळून आल्यासारखं वाटतं.

मग सत्रभर रोज दुपारी चार ते सहा मी बोर्डाच्या खोलीत. जिन्याखालची खोली ती. एक टेबल, एक पंखा, भिंतीत शिरलेल्या वायरी. कुठलं बटण कुठल्या वॉर्डाचं हे काकांच्या बोटांना पाठ. मी वाचायचे, ते जाड कागदावर टोचणीने ठिपके टोचत टिपणं काढायचे. परिच्छेदाच्या मध्यात घंटा वाजायची. "नमस्कार, रुग्णालय. बोला. थांबा हं, जोडतो." मग माझ्याकडे वळून, "'समाजातील विविध' इथवर आली होतीस." शब्द न् शब्द बरोबर. मी मात्र कुठल्या ओळीवर होते ते बोट ठेवूनही विसरायचे.

काका मला परीक्षेच्या खोलीत तुम्ही म्हणायचे, बोर्डाच्या खोलीत तू. आणि चेष्टेत असले की लेखनिकबाई. "लेखनिकबाई, तुमचा आवाज आज पाय ओढतोय."

"झोप नाही झाली."

"मग झोप पाच मिनिटं. तोवर मी नोकरशाहीला थांबवून धरतो."

खरंच मी टेबलावर डोकं टेकायचे. पाच मिनिटांची वीस व्हायची. ते उठवायचे नाहीत. फोनवर बोलतानासुद्धा आवाज खाली आणायचे. मग मलाच लाज वाटून मी उठायचे आणि पुढे वाचायला लागायचे.

सहाला तिथून निघून घरी, मग स्वयंपाक. आठला आई यायची. पाय सुजलेले, तोंडात सगळ्या वॉर्डाच्या तक्रारी. जेवणं, भांडी. त्यानंतर मी सांख्यिकीचं पुस्तक उघडायचे. उघडायचे एवढंच. सकाळी गालावर पानाची कड उमटलेली असायची. त्यांच्या समाजशास्त्राचं मला पानं न् पानं पाठ झालं आणि माझ्या सांख्यिकीच्या तिसऱ्या धड्याच्या पुढे मी गेले नाही. कॉलेजातल्या पोरी म्हणायच्या, "तू कुठे असतेस गं हल्ली?" मी म्हणायचे, "बोर्डावर." त्यांना वाटायचं, परीक्षा मंडळाचं काही काम मिळालंय.

तर त्या दिवशी, खेळाच्या खोलीत.

"शेवटचं वाचून दाखवा," काका म्हणाले. हाही नियमच आहे. परीक्षार्थीने मागितलं तर लेखनिकाने लिहिलेलं वाचून दाखवायचं. मी चौथा मुद्दा वाचला.

"त्याच्या खालचं."

"खाली काही नाही."

आयुष्यात मी पुष्कळ खोटं बोलले आहे, बहुतेक सगळं आईशी. पण ज्याला कागद दिसत नाही त्याला कागदावर काही नाही म्हणून सांगितलं आणि माझं मलाच कसंसं झालं.

बाईंनी गालावरचा हात काढला. "काही अडचण आहे का?"

लेखनिकाने स्वतःच्या मनाचं लिहिलं तर त्याची हकालपट्टी आणि परीक्षार्थीचा पेपर रद्द. ही सूचना सुरुवातीला मीच त्यांना मोठ्याने वाचून दाखवली होती.

"नाही बाई," काका म्हणाले. "उत्तर तपासून बघतोय." मग आवाज खाली आणून मला, "वाचा."

मी वाचलं. अधिकारी समोर कोण माणूस आहे हे न पाहता सर्वांना एकच नियम लावतो. कामात तो आपली ओळख, आपुलकी किंवा राग आणत नाही.

"हां. हेच ते," काका म्हणाले. घरभर शोधलेली किल्ली स्वतःच्याच खिशात सापडावी तसा चेहरा झाला त्यांचा. मग म्हणाले, "हे मी सांगितलं?"

"नाही."

"मग रेघ मारा."

"काका, बरोबर आहे ते."

"बरोबर आहे ते कळलं मला."

"मग आता तुम्ही सांगा ना. मी पुन्हा लिहिते. तुम्हाला आठवलं असतंच की दोन मिनिटांत."

"असतं की नसतं, ते आता कसं कळणार? तुम्ही वाचलंत, मी ऐकलं. माझ्या डोक्यातून ते आता निघत नाही. कागदावरून तरी निघू दे."

मी पट्टी घेतली आणि रेघ मारली.

"दोन ओळी होत्या," काका म्हणाले. "रेघ एकच ऐकू आली."

दुसरी मारली. माझे डोळे भरून आले होते, पण ते रागाने. सहा महिने मी या माणसापायी झोप मोडली, आवाज फाटेपर्यंत वाचलं, आणि हा दोन गुणांच्या ओळीवर माझ्याच हातून रेघ मारून घेतो. तत्त्वं सांभाळायची तर अंगात ताकद लागते. माझ्यात ती उरली नव्हती. बाईंनी पुन्हा गाल धरला होता.

पेपर संपल्यावर आम्ही कॉलेजच्या पायऱ्यांवर बसलो. त्यांची बस यायची होती. काठीची घडी घालून त्यांनी मांडीवर ठेवली.

"रागावलीस," ते म्हणाले.

"दमलेय."

"ते तर आहेच. पण रागावलीससुद्धा. चालताना दप्तर आपटत होतीस."

मग मीही बोलले. म्हटलं, "नापासच व्हायचं होतं तर मला एवढं वाचायला कशाला लावलंत? त्या बाईंना कळलंसुद्धा नसतं. कुणालाच कळलं नसतं. खिडकीवरची खुर्ची गेली तर काय करणार आहात तुम्ही?"

"बहिणीकडे जाईन. तिच्याकडे खुर्च्या पुष्कळ आहेत, बसायला वेळ नाही कुणाला."

मी हसले नाही. तेव्हा त्यांनी मला पहिल्या वर्षाची गोष्ट सांगितली. तेव्हाचा त्यांचा लेखनिक हुशार होता. यांनी चार वाक्यं सांगायची, त्याने चौदा लिहायची. काकांना पेनाचा आवाज यायचा. पण नवीन होते, भीड पडली, गप्प बसले. त्या पेपरात एकाहत्तर गुण मिळाले. रुग्णालयातले मोठे डॉक्टर खास जिन्याखाली उतरून आले, यांचा हात हातात घेतला आणि अगदी प्रेमाने विचारलं, "काय लिहिलंत हो एवढं? मलाही सांगा."

"आणि मला सांगता आलं नाही," काका म्हणाले. "एक ओळसुद्धा. ते बिचारे मला लाजाळू समजून निघून गेले. त्यानंतर कितीतरी दिवस फोन उचलताना मला वाटायचं, हा माणूस आता तेच विचारणार. वीस वर्षं मी त्या बोर्डावर लोकांची बोलणी जोडतोय लेखनिकबाई, कुणाच्या बोलण्यात आपलं घातलं नाही. माझ्याही बोलण्यात कुणी घालू नये, एवढंच."

बस आली. ते उठले, काठी उघडली. "तू चोरी केलीस असं मी म्हणत नाही. माझी काळजी केलीस. पण पुढच्या वेळी काळजी मनात कर, कागदावर नको."

मी त्यांना बसमध्ये चढवून दिलं आणि घरी येऊन सरळ झोपले. दोन दिवसांनी माझा सांख्यिकीचा पेपर होता. त्याबद्दल न बोललेलंच बरं.

निकाल लागला तो तीन आठवड्यांपूर्वी. फलकावर दोन्ही वर्षांच्या याद्या लावल्या होत्या. गर्दीत घुसून आधी मी काकांचा क्रमांक शोधला. एकदा वाचला, बोट ठेवून दुसऱ्यांदा वाचला. मग माझा. तो एकदाच वाचला.

जिन्यात उभी राहून मी रुग्णालयाला फोन लावला.

"नमस्कार, रुग्णालय. बोला."

"काका, मी. निकाल लागलाय."

"थांबा हं," ते म्हणाले. मध्येच दुसरा फोन आला होता. मी कानाला फोन लावून थांबले. स्वतःच्या निकालाला थांबवून ते कुणाला तरी क्ष-किरण विभाग जोडून देत होते. एक मिनिट गेलं असेल. तेवढ्या वेळात माझ्या मनात येऊन गेलं की चाळीस म्हणून सांगावं. गुणपत्रक हातात पडेपर्यंतचे दोनतीन आठवडे तरी बरे जातील त्यांचे.

"हं, वाच," ते म्हणाले. "जे आहे ते."

"सदतीस."

"चाळीस लागतात ना?"

"हो."

"बरं. आणि तुझं?"

"सांख्यिकी राहिलं. एकतीस."

पलीकडे पंख्याचा आवाज येत होता. मग काका म्हणाले, "दोघांचे मिळून अडुसष्ट. अगं, आपण पहिल्या वर्गात आलो की."

मला हसू आलं आणि हसता हसता रडू आलं. जिन्यातून उतरणारी पोरं वळून बघायला लागली. मी म्हटलं, "काका, तो पाचवा मुद्दा ठेवला असता तर…"

"एकोणचाळीस. तरी नापासच."

"एक गुण ते वरून देतात म्हणे."

"देतात म्हणे, नाही देत म्हणे. त्या रेघोट्या बघून तपासणाऱ्याने चिडून कमी केले असतील म्हणे. असं म्हणत बसलीस तर पुढचं सत्रही जाईल तुझं. सांख्यिकी आधी वाच." मग नेहमीच्या आवाजात, "आई पाहिजे का?"

"हो."

"थांबा हं, जोडतो."

तेवढं बोलणं झालं. मी नंतर त्यांच्याकडे गेले नाही. जायचं होतं, पण कुठल्या तोंडाने जायचं ते ठरेना, आणि खरं सांगायचं तर मला प्रचंड झोप येत होती. चार दिवस मी नुसती झोपले. आई म्हणाली, "परीक्षा झाल्यावर कसली गं झोप? आधी घेतली असतीस तर एकतीसचे एक्केचाळीस झाले असते." मग माझ्या डोक्यावरून हात फिरवून गेली. खरखरीत हात तिचा, जंतुनाशकाच्या वासाचा.

बाकीचं आईकडूनच कळलं. काकांनी रुग्णालयाच्या कार्यालयात अर्ज दिला होता, पुढच्या परीक्षेपर्यंत सहा महिने थांबा म्हणून. उत्तर आलं की नियमात तशी तरतूद नाही. पत्र देणाऱ्या कारकुनाला फार वाईट वाटत होतं, असं आई म्हणाली. तो म्हणे खाली मान घालून उभा होता, आणि काकाच त्याला म्हणाले, "अहो, बरोबर आहे तुमचं. हा माझ्या पुस्तकातला पाचवा मुद्दा आहे." आईला त्यातलं काही कळलं नाही. तिने मला विचारलं, "कसला गं मुद्दा?" मी म्हटलं, "असतो एक."

आणि जाण्याच्या आदल्या दिवशी त्यांचा आवाज भरून घेतला. नव्या यंत्राला आवाज हवा होता. बाहेरून माणूस आणण्यापेक्षा यांचा चांगला आहे, लोकांच्या ओळखीचा आहे, असं वरच्यांचं म्हणणं पडलं. मला ऐकूनच चीड आली. आई म्हणाली, "मीही तेच म्हटलं त्यांना. तुम्ही नाही म्हणायचं होतं. तर म्हणाले, जाऊ द्या मावशी, निदान फोन करणाराला दचकायला होणार नाही." कारकून कागदावरची एकेक ओळ वाचत होता आणि काका त्याच्यामागून ती म्हणत होते. आई तिथेच उभी होती, त्यांच्यासाठी चहा घेऊन गेली होती. "एक शब्द इकडचा तिकडे केला नाही बघ. पोपटासारखं म्हटलं सगळं. शेवटी कारकून कागद गुंडाळून उठला, तरी हे त्या यंत्राकडे तोंड करून बसलेलेच. मी म्हटलं, चला, चहा घ्या."

दुसऱ्या दिवशी ते बहिणीच्या गावी गेले. बोर्डाच्या खोलीत आता झाडू आणि बादल्या ठेवतात.

मनोगताच्या कागदावर शेवटी मी एवढं लिहिलं: 'या सत्रात मी दुसऱ्याचं पुस्तक पाठ केलं आणि स्वतःच्या विषयात राहिले. लेखनिकाने सांगितलं तेवढंच लिहायचं असतं.' आत जाऊन कागद वर्गाच्या बाईंसमोर ठेवला. त्यांनी वाचला, पाठ उलटून बघितली.

"एवढंच? पानभर लिहायचं होतं ना?"

"एवढंच आहे बाई."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्याही सत्राच्या शेवटी आल्या होत्या, समोर दीडशे कागदांचा गठ्ठा होता. "बरं," म्हणाल्या आणि सही केली. कॉलेजच्या कारकुनाने गुणपत्रक दिलं. एकतीसखाली लाल रेघ होती.

बाहेर येऊन पुन्हा त्याच बाकावर बसले. आईला सांगायला हवं होतं की गुणपत्रक मिळालं, पुन्हा परीक्षेचा अर्ज उद्याच भरायचाय, तिची सही लागेल. सवयीने नंबर फिरवला. यंत्र बसलंय हे फोन उचलला जाईपर्यंत माझ्या ध्यानातच नव्हतं.

"नमस्कार, रुग्णालय," काका म्हणाले.

माझ्या तोंडून "काका" निघून गेलं. पण ते पुढे बोलत राहिले. चौकशीसाठी एक दाबा. तातडीच्या विभागासाठी दोन दाबा. वॉर्डासाठी तीन दाबा. सरळ, स्वच्छ, एकेक शब्द वेगळा. उत्तर सांगताना बोलायचे तसं, समोरच्याला उतरवून घेता येईल अशा बेताने. मी तीन दाबलं.

"आपला कॉल जोडला जात आहे. कृपया प्रतीक्षा करा."

मग थोडी खरखर. कागद गुंडाळल्याचा आवाज, खुर्ची सरकल्याचा आवाज. आणि त्यानंतर हळूच, जवळून, त्यांच्या रोजच्या आवाजात, "थांबा हं, जोडतो."

हे त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं.

वॉर्डात घंटा वाजायला लागली. बराच वेळ वाजली. मी गुणपत्रकाची घडी घालत बसले. मग कुणीतरी फोन उचलला, नवीन बाई असावी, घाईत होती.

"हॅलो, कोण पाहिजे?"

"आई पाहिजे," मी म्हणाले.

"कोणाची आई?"